क्रीटच्या डोंगरात म्हणे 'बघण्यासारखं काही नाही'

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या बेटांवर तुमचा पानभर लेख आला होता. आमच्याकडे पेपर आधी हे वाचतात, तेही मोठ्याने, मला ऐकायचं असो वा नसो. मी आपली भाजी निवडत ऐकत होते आणि एका वाक्याला हातातली जुडी टाकून पेपरच ओढून घेतला. क्रीट बेटाबद्दल लिहिलंय की समारियाची घळ हा छोटासा ट्रेक आहे, अर्ध्या दिवसात उरकतो, आजूबाजूच्या डोंगरात बघण्यासारखं विशेष काही नाही. आणि वर फोटो कसला, तर पांढऱ्याशुभ्र भिंती आणि निळे घुमट. अहो तो सांतोरिनीच्या ओया गावाचा फोटो आहे, क्रीटच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवरचं ते वेगळंच बेट.

फोटोचं एकवेळ सोडून देते, ग्रीस म्हटलं की सगळेच तो फोटो चिकटवतात. पण ते 'विशेष काही नाही' डोक्यात गेलं, कारण गेल्या वर्षी मेअखेरीस मी, हे आणि आमची लेक असे तिघंजण त्याच 'काही नाही' मध्ये नऊ दिवस राहून आलो. म्हणून हे पत्र, जरा लांबेल, छापताना कापलंत तरी चालेल पण समारियाचं तेवढं दुरुस्त करा, कारण त्यावर विसंबून कोणीतरी सँडल घालून जाईल आणि मग खेचरावर बसून बाहेर यायची वेळ येईल. खरंच सांगते, तिथे जखमींना बाहेर काढायला खेचरं असतात, गाडी आत जाऊच शकत नाही.

आधी थोडा भूगोल सांगते, कारण 'बेट' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाळू आणि नारळ येतात. क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट, पूर्व-पश्चिम साधारण २६० किलोमीटर लांब आणि उत्तर-दक्षिण मात्र कुठे ६० तर कुठे जेमतेम १२ किलोमीटर रुंद. या लांबट पट्टीच्या मधोमध डोंगरांचा कणा आहे. मध्यभागी प्सिलोरितिस, उंची २४५६ मीटर, पूर्वेला दिक्ती, २१४८ मीटर, आणि पश्चिमेला लेफ्का ओरी म्हणजे 'पांढरे डोंगर', त्यांचं सगळ्यात उंच टोक पाख्नेस २४५३ मीटर. फक्त तीन मीटरने पहिला नंबर हुकला, आणि तिकडच्या लोकांना ते अजून सहन होत नाही, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला सांगितलं की वर दगडांची रास अजून थोडी वाढवली की झालं काम. पांढरे का, तर हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात चुनखडक, बर्फ गेलं तरी डोंगर पांढराच दिसतो. आम्ही गेलो तेव्हा खाली समुद्रात लोक पोहत होते आणि वर घळींमध्ये बर्फाच्या चिंध्या लोंबत होत्या.

या पांढऱ्या डोंगरांच्या दक्षिण उताराला स्फाकिया म्हणतात. मला त्याच्याबद्दलच लिहायचंय.

आता समारिया. ओमालोस नावाच्या पठारावरून सुरुवात होते, साधारण १२०० मीटर उंचीवरून, आणि शेवट थेट समुद्रात, लिबियन समुद्र म्हणतात त्याला. अंतर सोळा किलोमीटर. हानिया शहरातून पहाटेची बस असते (नकाशावर स्पेलिंग बघून चानिया म्हणू नका, आम्ही म्हटलं तर तिकीट खिडकीवरची मुलगी हसली). सुरुवातीच्या उताराला क्सिलोस्कालो म्हणतात, म्हणजे लाकडी जिना, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर तुम्ही नुसते उतरत राहता, नागमोडी, दगडी पायऱ्या, लाकडी कठडा, एका बाजूला गिंगिलोस नावाचा उघडाबोडका कडा. चढ दमवतो हे ऐकलं होतं, उतार गुडघे खातो हे त्या दिवशी कळलं. मी बासष्ट वर्षांची आहे आणि अर्ध्या दिवसात उरकणाऱ्यांपैकी नाही, मला सात तास लागले. लेक पाच तासांत पोचली असती, पण आई-बाबा म्हणजे पायातल्या बेड्या.

मधोमध, म्हणजे सात-एक किलोमीटरवर, ओढ्याच्या पलीकडे दगडी घरं दिसतात. ते समारिया गाव. तिथे १९६२ पर्यंत माणसं राहत होती, हे तुमच्या लेखात कुठेच नाही. त्या वर्षी घळ राष्ट्रीय उद्यान झाली आणि गावाला बाहेर पडावं लागलं. घळीचं नावच मुळात या गावावरून आलंय, आणि गावाचं नाव तिथल्या 'ओसिया मारिया' या छोट्या चर्चवरून, १३७९ चं ते. ओसिया मारिया, ओसिया मारिया असं भराभर म्हणत राहिलं की समारिया होतं, आम्ही बेंचवर बसून म्हणून बघितलं. काही घरं नीट केलीत, एकात उद्यानाचे रक्षक बसतात, बाकीच्यांची छपरं नाहीत. एका घराच्या आत अंजिराचं झाड वाढलं होतं, बरोबर चुलीच्या जागी, आणि भिंतीत कोनाडा तसाच, दिव्याच्या काजळीचा डाग असलेला. त्या कोनाड्यात कोणीतरी प्लास्टिकची बाटली खुपसली होती. मी काढली आणि सॅकमध्ये टाकली, पण जीव जळला.

उद्यान करण्यामागे एक कारण क्रि-क्रि हा तिथला जंगली बोकड, गावकरी त्याला अग्रिमी म्हणतात, मागे वळलेली लांब शिंगं, आणि माणसाला इतका सरावलेला की आमच्या डब्यावर लक्ष ठेवून होता. म्हणजे बोकड राहिला आणि माणसं गेली. मी यात कोण चूक कोण बरोबर म्हणणार नाही, बोकड नामशेष व्हायला नको होता हेही खरं, पण रोज हजारावर लोक त्या गावातून फोटो काढत जातात आणि बहुतेकांना ते गाव म्हणजे संडास आणि पाण्याच्या नळाचा थांबा वाटतो, तेव्हा निदान वर्तमानपत्राने तरी सांगावं ना.

पुढे घळ अरुंद होत जाते. एक जागा अशी आहे की दोन्ही कडे तीन-चार मीटरवर येतात आणि वर सरळ तीनशे मीटर भिंती, 'सिदेरोपोर्तेस', लोखंडी दरवाजे. मे महिन्यात ओढ्याला पाणी असतं, दगडांवरून उड्या मारत जायचं. आणि पाऊस असला की उद्यान बंद ठेवतात, कारण त्या फटीत पाणी वाढलं तर पळायला जागा नाही. तसंही फक्त मे ते ऑक्टोबरच उघडं असतं, हेही लेखात हवं होतं, डिसेंबरची तिकिटं काढून बसणारे असतात आपल्यात.

आणि बाहेर पडल्यावर? आया रूमेली. ('आया' म्हणजे तिकडे 'संत', आमच्या ह्यांना दोन दिवस गंमत वाटत होती.) त्या गावाला रस्ताच नाही. पुढे समुद्र, मागे घळ, डावी-उजवीकडे कडे. संध्याकाळची बोट पकडायची, ती चुकली तर तिथेच मुक्काम. आमची चुकली. कारण आम्हाला एका पर्यटन पुस्तिकेने चार तास सांगितले होते, तुमच्यासारखेच. पण चुकली ते बरंच झालं, रात्री सगळे ट्रेकर गेल्यावर गाव एकदम शांत, आणि ज्यांच्याकडे खोली मिळाली त्यांनी सांगितलं की मे १९४१ मध्ये ग्रीसचा राजा दुसरा जॉर्ज हे डोंगर पायी ओलांडून याच किनाऱ्यावर आला होता आणि इथूनच ब्रिटिश युद्धनौकेवर चढून इजिप्तला गेला. राजालाही बोटीची वाट बघावी लागली म्हणजे.

दुसऱ्या दिवशी बोटीने लुत्रो. तिथेही रस्ता नाही, एकतर बोट नाहीतर पाय. खडकाला चिकटून पांढरी घरं (हो, इथली पांढरी आहेत, पण घुमट नाहीत), आणि बोटीतून येताना लेकीने दाखवलं की कड्यांवर पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर एक आडवी रेघ आहे, बादलीत पाणी कमी झाल्यावर कडेला राहते ना तशी. ती जुनी समुद्रपातळी. इसवी सन ३६५ मध्ये एवढा मोठा भूकंप झाला की बेटाची पश्चिम बाजू काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत वर उचलली गेली, बंदरंच्या बंदरं कोरडी पडली. समुद्र खाली गेला नाही, जमीन वर आली. लेकीला हे मला तीनदा समजावून सांगावं लागलं.

लुत्रोपासून पुढे होरा स्फाकियॉन या बंदराच्या गावाच्या वाटेवर एक किनारा आहे, ग्लिका नेरा, म्हणजे गोड पाणी. इथला प्रकार मी स्वतःच्या हाताने केलाय म्हणून सांगते. गोट्यांचा किनारा, समुद्र चार पावलांवर. गोटे हाताने बाजूला केले, कोपरभर खड्डा केला, तर खालून पाणी आलं, आणि ते गोड! इतकं गार की बोटं बधिर झाली. पोहतानाही कळतं, मध्येच एक गार पट्टा पायाला लागतो. वर चुनखडक आहे, तो पाणी धरून ठेवत नाही, बर्फ वितळलं पाऊस पडला की सगळं भेगांतून आत, डोंगराच्या पोटातून खाली आणि मग थेट समुद्रकाठी बाहेर. म्हणजे वर गावात पाण्याची बोंब आणि खाली समुद्रात गोड पाणी वाया. वरच्या जुन्या घरांजवळ पावसाचं पाणी साठवायच्या दगडी टाक्या का असतात ते इथे हात घातल्यावर समजलं.

वरचं गाव म्हणजे अनोपोली. होरा स्फाकियॉनपासून गाडीरस्ता वर चढतो, वळणावर वळण, कठडा असला तर असला, आणि लेक गाडी चालवत होती म्हणून हे पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते. जवळजवळ प्रत्येक वाईट वळणावर रस्त्याकडेला खांबावर एक छोटंसं पत्र्याचं नाहीतर दगडाचं देवघर. आम्ही एका ठिकाणी उतरून बघितलं, आत तेलाचा दिवा, तेलाची अर्धी बाटली, काडेपेटी, संताचं चित्र आणि एका तरुण मुलाचा पासपोर्ट साइझ फोटो. तिथे अपघात झालेल्यांसाठी घरचे उभारतात, काही वाचलेल्यांनी नवस म्हणूनही. दिवा पेटलेला होता. म्हणजे त्या दिवशी सकाळी कोणीतरी येऊन गेलं होतं.

रस्त्यावरच्या पाट्यांना गोळ्यांची भोकं, हे मात्र लेखात आलंय, "तिथले लोक तापट" म्हणून. बरोबर, भोकं आहेत. एका पाटीवर तर गावाचं नाव वाचता येत नव्हतं. पण तेवढंच लिहून सोडायचं?

अनोपोलीच्या चौकात पुतळा आहे दास्कालोयानिसचा. 'दास्कालोस' म्हणजे शिक्षक, तर आपण त्याला यानीमास्तर म्हणू. खरं नाव योआनिस व्लाखोस, याच गावचा, जहाजांचा मोठा व्यापार, खाऊनपिऊन सुखी माणूस. १७७० मध्ये रशियाच्या मदतीच्या भरवशावर त्याने ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला, मदत आलीच नाही, गावं जळली, शेवटी तो शरण गेला आणि १७७१ मध्ये इराक्लियो शहरात त्याला जिवंतपणी सोलून मारलं. हे मी जसं लिहिलं तसंच चौकातल्या कॉफीच्या दुकानात एका आजोबांनी सांगितलं, काळा शर्ट, काळे उंच बूट, डोक्याला काळा झालरीचा रुमाल, झालरीच्या गाठी कपाळावर अश्रूंसारख्या लोंबणाऱ्या. जणू मागच्या आठवड्यातली गोष्ट. आणि मग आमच्यापुढे न विचारता चार छोटे ग्लास आले. राकी, तिकडे त्सिकुदिया पण म्हणतात, द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्यापासून शरद ऋतूत गाळतात. मी घेत नाही म्हटलं तर आजोबांचा चेहरा पडला, म्हणून ओठ लावले, घशात जाळ! पैसे द्यायला गेलो तर दुकानदाराने हात झटकला, आजोबांनी आधीच दिले होते आणि निघूनही गेले होते. तापट लोक!

आम्ही जिथे उतरलो होतो त्या घरच्या आजी मला "कोपेल्या मू" म्हणायच्या, म्हणजे माझी पोरगी, आणि मी त्यांच्यापेक्षा फार तर पंधरा वर्षांनी लहान असेन. त्यांना इंग्रजी नाही, मला ग्रीक नाही, मध्ये लेकीचा फोन. पण स्वयंपाकघरात फोनची गरज पडली नाही. त्या स्फाकियानी पिता करत होत्या. (पिता म्हणजे तिकडे भरलेली रोटी, यावरही ह्यांनी विनोद केला, तो मी लिहीत नाही.) पीठ मऊ मळलेलं, त्यात ऑलिव्ह ऑइल आणि थोडी राकी. पिठाची पारी हातावर करायची, आत मिझिथ्रा म्हणजे ताज्या मऊ चीजचा गोळा, जवळजवळ पिठाएवढाच, आणि तोंड बंद करून उंडा. मग लाटायचं, हलक्या हाताने, तव्याएवढं पातळ. मी न विचारता पुढे झाले, हातातून लाटणं घेतलं आणि एक लाटली, फुटली नाही. आजी बघतच राहिल्या. मग माझा दंड धरून शेजारणीला हाक मारली आणि दुसरी लाटायला लावली, ती फुटली, पण तोवर आमची मैत्री झाली होती. कोरड्या तव्यावर भाजायची, दोन्हीकडे डाग पडले की ताटात, वर थाइमच्या फुलांचा मध. गरमच खायची. चीज किंचित आंबट आणि वर मध. बास, अजून काही लिहीत नाही, तोंडाला पाणी सुटतं.

आजींचे यजमान मेंढपाळ, आता ऐंशीच्या घरात, मुलगा बघतो. त्यांच्याकडून कळलं की झाडं संपल्यावर डोंगराचा जो उघडा दगडी भाग लागतो त्याला 'मादारेस' म्हणतात आणि उन्हाळ्यात सगळी मेंढरं-शेळ्या तिकडे. थंडी पडली की खाली समुद्राकडे. म्हणजे वर्षातून दोनदा सगळं बिऱ्हाड डोंगर चढतं आणि उतरतं. वर दगडांच्या झोपड्या, मितातो, चुना-सिमेंट काही नाही, नुसते सपाट दगड एकावर एक आत आत सरकवत रचलेले, छप्पर आपोआप घुमटासारखं मिटतं. तिथेच दूध काढायचं, तिथेच मोठ्या कढईत चीज करायचं, ग्रावियेरा म्हणजे टिकणारं चीज दुधाचं, मग उरलेल्या निवळीतून मिझिथ्रा, आणि पूर्वी ते गाढवावर लादून खाली आणायचं. आजोबांनी हाताने दाखवलं गाढव कसं चालायचं, खुर्चीतल्या खुर्चीत. आता मुलगा पिकअपने जातो, कच्चा रस्ता झालाय, सकाळी जाऊन रात्री घरी. आजी म्हणाल्या, पूर्वी हे चार महिने घरी नसायचे, घरात शांतता असायची. आजोबांना ऐकू येत नाही हे चांगलंच आहे.

तर जे उघडे डोंगर बघून 'काही नाही' वाटतं ते रिकामे नाहीत हो. प्रत्येक सपाट तुकड्याला बांध आहे, बांधावर बांध, कुठे गोल फरसबंदी खळी, 'अलोनी' म्हणतात, जिथे धान्य मळायचे. आता त्यात गवत. कुठे वाऱ्याकडे पाठ केलेली गोल भिंत, मेंढरांसाठी. एकदा नजर बसली की दगडांचे ढीग दिसेनासे होतात आणि हातांनी केलेलं काम दिसायला लागतं, मला तिसऱ्या दिवशी दिसायला लागलं.

अरादेनाचा उल्लेखही नाही लेखात. अनोपोलीच्या पुढे तीन-चार किलोमीटर, मध्ये एक प्रचंड घळ, आणि तिच्यावर लोखंडी पूल, लाकडी फळ्यांचा. खाली १३८ मीटर. गाडी गेली की फळ्या अशा खडखडतात की पलीकडच्या डोंगरात ढग गडगडल्यासारखं ऐकू येतं, आणि फळ्यांच्या फटीतून खाली दिसतं. हे चालत आले, गाडीत बसलेच नाहीत. हा पूल १९८६ चा, मूळच्या त्या भागातल्या वार्दिनोयानिस या उद्योगपती घराण्याने बांधून दिलेला, त्याआधी पलीकडच्या आयोस यानिस गावच्या लोकांना घळ उतरून परत चढावी लागायची, दगडी वाटेने, अजूनही ती नागमोडी वाट कड्यावर कोरल्यासारखी दिसते. उन्हाळ्यात पोरं त्याच पुलावरून दोरी बांधून उड्या मारतात, त्याचे पैसे देतात म्हणे.

आणि पुलापलीकडचं अरादेना गाव रिकामं. तिथे घरं पडली ती भूकंपाने नव्हे, वैराने. दोन घराण्यांत भांडण लागलं, शेळीच्या गळ्यातल्या घंटेवरून असं तिथे सांगतात, मग खून, मग बदल्याचा खून, आणि शेवटी उरलेली माणसं गाव सोडून गेली. विसाव्या शतकाच्या मध्यावरची ही गोष्ट, फार जुनी नाही. कड्याच्या अगदी टोकाला मायकेल देवदूताचं बायझंटाइन चर्च तेवढं शाबूत, लाल कौलाच्या घुमटाचं. घरांमधून फिरताना एका दारात उंबरठा झिजून मधोमध खोलगट झालेला दिसला, पिढ्यान् पिढ्या पाय पडून. आम्ही जवळपास तासभर होतो तिथे, तिघंही फारसं बोललो नाही.

युद्धाचं थोडंसं सांगते, कारण त्याशिवाय तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणंच होत नाही. २० मे १९४१ ला जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले, आणि हरल्यावर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे हजारो सैनिक उत्तरेकडून हेच पांढरे डोंगर ओलांडून अस्किफूच्या पठारावरून होरा स्फाकियॉनला आले. २८ मे पासून १ जूनपर्यंत रात्री-रात्री जहाजांनी जेवढे नेता आले तेवढे नेले, बाकीचे किनाऱ्यावर राहिले. त्या बंदरात आज टेबलं मांडलेली असतात, लोक तळलेले मासे खात असतात आणि कडेला एक छोटं स्मारक आहे. अस्किफूला एका घरातच संग्रहालय आहे, हेल्मेटं, गंजलेल्या बंदुका, सगळं आसपासच्या रानातून वेचून आणलेलं.

फ्रांगोकास्तेलोचा किल्ला १३७१ ते १३७४ मधला, व्हेनिसवाल्यांनी बांधलेला, समुद्राकाठी सपाटीवर चौकोनी. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला पहाटे तिथे सावल्यांची फौज चालताना दिसते असं म्हणतात, द्रोसुलितेस, म्हणजे दवातली माणसं, मे १८२८ च्या लढाईत मेलेल्यांची. आम्ही नेमके त्याच दिवसांत होतो म्हणून ह्यांनी पहाटे पावणेपाचला उठवलं. दवसुद्धा नव्हतं. डास होते.

हे सगळं गोड-गोड चित्र नाहीये, तेही लिहिते. हिवाळ्यात बोटी कमी होतात, खोल्यांना कुलपं लागतात, जवान मुलं हानियाला किंवा अथेन्सला. आमच्या आजींची नातवंडं सुट्टीत येतात, मुलगी म्हणते खाली शहरात चला, या म्हणतात तिकडे चूल कुठे आहे. चीजचे मोठे कारखाने आहेत आता, वर मितातोत रात्र काढणारा मेंढपाळ आणखी वीस वर्षांनी असेल का कोण जाणे. आणि पर्यटक नकोत असंही कोणी म्हणालं नाही, उलट थांबा म्हणाले, एक रात्र तरी थांबा, सगळे बोटीतून उतरतात आणि बसमध्ये चढतात.

तर संपादकसाहेब, दुरुस्ती एवढीच छापा. फोटो क्रीटचा नाही. समारियाला सोळा किलोमीटर चालावं लागतं, पायात चांगले बूट हवेत, मे ते ऑक्टोबरमध्येच उघडी असते, आणि बाहेर पडायला गाडीरस्ता नाही, बोट धरावी लागते, म्हणजे अख्खा दिवस हाताशी धरा. मधल्या गावात १९६२ पर्यंत लोक राहत होते. फोटो हवे असतील तर माझ्याकडे आहेत, लेकीने काढलेले, त्यातला लाटणं हातात असलेला माझा फोटो सोडून कुठलाही वापरा.

आपली,
दर रविवारी पुरवणी वाचून घ्यावी लागणारी एक वाचक